कोणता कान खरा?

पहिलेच सांगून ठेवते, मी लिहिणारी बाई नाही. मी गाणारी आहे, आणि तेही मांडी घालून नाही. उभं राहून, गोल फिरून, लोकांले नाचवून गाणारी. रायपूर राजधानी झालं तसे कार्यक्रम इतके वाढले की आमच्या ऑर्केस्ट्राले रविवार राहिला नाही. लग्न, गणपती, मेळा, कोणाच्या शोरूमचं उद्घाटन, सगळीकडं आम्ही. त्यातच माझी एक व्हीसीडी निघाली, छत्तीसगढी नाचाच्या गाण्यांची. त्यातलं मड़ईचं गाणं, म्हणजे इकडच्या जत्रेचं, असं चाललं की ऑटोवाले मले आवाजावरून ओळखत.

आणि मग एक दिवस माझा उजवा कान गेला.

आता मी परत गाते. पण "बरी झाली का?" असं कोणी विचारलं की मी अडकते. हो म्हणावं की नाही, मले खरंच समजत नाही. हे लिहून राहिली आहे ते त्या लोकांसाठी, ज्यांचं घरचं माणूस आत्ता कानात लसणाचं तेल टाकून बसलं असंन. बापा, ते तेल बाजूला ठेवा अन् पहिले डॉक्टरकडं जा.

तेल

सोमवारची सकाळ होती. आईचा फोन आला. आई रेल्वे कॉलनीत राहते, बाबा रेल्वेत होते तेव्हापासून. मी फोन उचलला, उजव्या कानाले लावला, अन् तिकडून काहीच नाही. "हॅलो, आई, बोल ना! बोलत काहून नाहीस?" मी चार-पाच वेळा ओरडली. शेवटी वैतागून फोन डाव्या कानाले लावला तर आई फुल फॉर्मात होती. मावशीच्या पोरीच्या सोयरिकीचं अर्धं सांगूनही झालं होतं.

मले वाटलं मळ असंन. आदल्या दिवशी कार्यक्रम झाला होता, स्पीकरच्या बाजूले उभी होती, त्यानं कान बसला असंन. आई संध्याकाळी आली ती वाटीत लसणाचं तेल घेऊनच. "दोन दिवसात कान मोकळा होते, पाय तू," म्हणाली. दोन दिवसाचे सहा झाले. कानात सारखी शिट्टी वाजून राहिली होती, कुकरची असते तशी, फक्त गॅस बंद करायची सोय नव्हती. मी कोणाले सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात दोन लग्नं होती आणि मले वाटलं, सांगितलं तर हे लोकं मले घरी बसवतील.

सातव्या दिवशी मी कणीक भिजवत होती. एकदम ओटा वर गेला आणि मी खाली. पूर्ण स्वयंपाकघर डावीकडून उजवीकडं पळून राहिलं होतं, थांबतच नव्हतं. डोळे मिटले तरी तेच. माझी पोट्टी मिनू, तेव्हा दहा वर्षांची, शेजारच्या घरी ओरडत गेली, "आंटी, मम्मी गिर गई!" आमची मिनू मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. माझा नवरा सुनील उरला या कारखान्यांच्या भागात लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहे. तो शिफ्ट सोडून, अंगावर ती काळी धूळ तशीच घेऊन आला. मी त्या धुळीच्या शर्टावरच उलटी केली.

काचेची खोली

कान तपासायची एक खोली असते, टेलिफोन बूथसारखी. आत बसवतात, कानाले हेडफोन लावतात आणि हातात बटन देतात. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाचं झालं, मी पटापटा दाबलं. मग उजव्याचं सुरू होणार म्हणून मी वाट पाहत बसली. बराच वेळ झाला. मले वाटलं मशीन बिघडली. काचेतून पाहिलं तर बाहेरची पोरगी मान खाली घालून डायल फिरवून राहिली होती, फिरवतच होती.

तेव्हा मले समजलं की आवाज चालू आहे.

डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या, पण गोड बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, पडदा ठीक आहे, मळबिळ काही नाही, आतल्या नसेचं काम आहे. अचानक होते, कारण नेहमी सापडत नाही. "किती दिवस झाले?"

"सात."

"सात दिवस काय केलं?"

मी सोबत आलेल्या आईकडं पाहिलं. मग आई म्हणाली, "मी तेल टाकलं." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता, आणि तोही मले डाव्याच कानानं ऐकावा लागला. मॅडम म्हणाल्या, तेलानं हे झालं नाही माय, पण ते सात दिवस आमचे होते. यात जितक्या लवकर औषध सुरू होते तितकं बरं.

"परत ऐकू येईन ना?" मी विचारलं.

"काहींचं येते, काहींचं अर्धं येते, काहींचं येत नाही."

"माझं?"

"पाहू."

मी त्या "पाहू"वर लई चिडली. घरी येईपर्यंत सुनीलले म्हणत होती, डॉक्टर बदल, हिले काही येत नाही. आता वाटते, त्या सगळ्या महिन्यांत मले सरळ बोलणारं एकच माणूस भेटलं होतं, आणि मी त्यालेच शिव्या घातल्या.

वॉर्ड

चक्कर थांबेना म्हणून भरती केलं. सकाळी साडेपाचले सिस्टर बीपी घ्यायले येई, मग चहा, मग सुई, मग झाडूवाली. मी पलंगाच्या लोखंडी दांडीले धरून पडून राहायची. मान हलली की सगळं हललं. सुनील बादली धरून बसायचा. मिलमधून सुट्टी मिळत नव्हती तरी बसायचा. माझी वेणीही त्यानंच घातली. असली वेडीवाकडी वेणी की झाडूवाली हसली, आणि आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्यात मले परत उलटी झाली.

बाजूच्या पलंगावर एक म्हातारी होती, कुठल्यातरी खेड्यातली. ती विचारायची, "का होगे बेटी?" म्हणजे काय झालं पोरी. मी कान दाखवायची. ती मान हलवायची आणि उठून माझ्या डाव्या बाजूले येऊन बसायची. तिले कोणीच सांगितलं नव्हतं. घरचे लोकं सगळे उजवीकडून बोलत, मी ऐकलं नाही की मोठ्यानं बोलत, आणि मग मी चिडली की गप्प बसत. ती म्हातारी गेली तेव्हा मले रडू आलं. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यावानी सुजलं. झोप गेली, भूक मात्र राक्षसाची. आणि राग! एक दिवस सुनीलनं डब्यात भाजी थोडी तिखट आणली म्हणून मी डबा भिंतीवर मारला. त्यानं उठून फडक्यानं भिंत पुसली. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो भांडत नव्हता म्हणजे माझं काहीतरी लई वाईट आहे, असं मले वाटायचं. भीती हीच होती. मरायची नव्हती. आता आपल्याशी कोणी नीट भांडणारही नाही, याची होती.

दोन सूर

घरी आल्यावर हळूहळू उजव्या कानाले ऐकू येऊ लागलं. पहिले मिक्सरचा आवाज आला, मग दाराची कडी, मग मिनूचं बोलणं, पण पत्र्याच्या डब्यातून यावं तसं. आम्ही पेढे वाटले. आणि मग मी पेटी काढली.

एक सूर दाबला. डाव्या कानात एक सूर, उजव्या कानात दुसरा, थोडा खाली उतरलेला. पट्टी एक, बोट एक, आणि सूर दोन. मी डावा कान बंद केला, मग उजवा बंद केला, मग दोन्ही उघडले. बाई गं, काय ते बेसूर! मी मिनूले बसवलं.

"बेटा, हे एकच वाजून राहिलं ना?"

"एक ही तो है, मम्मी।"

"नक्की?"

"मम्मी, आप रो क्यों रही हो?"

मॅडमनी सांगितलं, असं होते कधीकधी, हळूहळू कमी होईन. पण दोन महिने मी बाजारातही गाण्याचा आवाज आला की दुसऱ्या गल्लीनं जायची. गाणारीले सगळ्यात पहिले आपल्या कानाचा भरवसा लागते. गळा बसला तर काढा पिऊन मोकळा करता येते. पण मी जे ऐकून राहिली आहे तेच खरं आहे का, हे कोणाले विचारायचं?

आईनं तिच्यापरीनं रस्ता काढला. "ते नाचाबिचाचं सोड आता. विहारात भीमगीतं म्हण. बसून म्हणता येते, चक्करही येणार नाही." मी म्हटलं, "आई, जयंतीच्या मिरवणुकीत पाहिलं का तू कधी, बसून कोण म्हणते ते?" ती म्हणाली, "तुले काही सांगायची सोय नाही." मी विहारात गेली, दोन रविवार म्हटलंही. लोकं चांगले बोलले, एका काकूनं डोळे पुसले. पण ते माझ्या गाण्यावर पुसले की माझ्या सुजलेल्या तोंडावर, मले समजलं नाही. आणि मले खरं सांगायचं तर नाचाचं गाणंच पाहिजे होतं. समोरचा माणूस पाय हलवू लागला की मले समजते, आपण जिवंत आहोत. यात लाजायचं काय आहे?

बोट काळी पाचवर

आमचा तालमीचा हॉल बूढ़ापाऱ्यात आहे, एका टेंट हाउसच्या वर. चार महिन्यांनी मी तो जिना चढली, भिंतीले धरून. कीबोर्डवर बबलू भैया, गेली नऊ वर्षं माझ्यासोबत आहेत, मराठी समजते पण बोलत एक शब्द नाहीत, तरी माझा गळा त्यांले पाठ आहे. ऑक्टोपॅडवर, म्हणजे काड्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रिक ढोलावर, सुनील. मिलमधून सुटला की तो तेच वाजवते, आमचं लग्नही त्या ऑर्केस्ट्रातच जमलं. दोघांनी मले पाहून असं तोंड केलं की मी म्हटलं, "मयतीले आले का बे? वाजवा!"

मड़ईचं गाणं माझं काळी पाचमध्ये आहे. पेटीवरची ती पाचवी काळी पट्टी, तिथून माझा सा सुरू होते. पहिल्या दिवसापासून तसंच, व्हीसीडीतही तसंच. बबलू भैयांनी सुरुवातीचा तुकडा वाजवला, मी तोंड उघडलं आणि गाणं मले सापडेच ना. म्हणजे मी गायली, पण गाणं घशात नेहमीच्या जागी बसलंच नाही. थोडं खाली, छातीत कुठंतरी बसलं. ज्या जागेवर मले जोर लावावा लागे, तिथं जोर लागलाच नाही.

"भैया, काळी पाच ही है ना?"

"हव दीदी, वही है। देख लो।"

मी जाऊन पाहिलं. बोट काळी पाचवरच होतं. मी डावा कान जवळ नेला, तरी सूर खाली. डोळा म्हणून राहिला पाच, कान म्हणून राहिला चार. मग सुनीलले विचारलं. तो काड्या हातात फिरवत म्हणाला, "बरोबरच आहे, ज्योती. थोडे दिवस जाऊ दे."

घरी आली, पेटीवर काळी पाच दाबून त्याच गाण्याची पहिली ओळ म्हटली, तर आपल्या जागी! दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये परत खाली. मी हिशोब लावला की मोठा आवाज झाला की माझा कान अजून बिघडते. आणि आता चांगला डावा कानही बिघडून राहिला आहे. हे शेवटचं मी कोणाले बोलली नाही. रात्री डाव्या कानाजवळ घड्याळ धरून टिकटिक ऐकत पडायची, ते मात्र ऐकू यायचं.

असं दीड महिना चाललं. मी दर तालमीले विचारायची, ते दर तालमीले "बरोबर आहे" म्हणायचे. मग विचारणंही बंद केलं. गाताना मी बबलू भैयांच्या बोटाकडं पाहत राहायची, म्हणजे निदान डोळ्यानं तरी समजावं की मी कुठं आहे.

मॅडमकडं गेली. परत ती काचेची खोली, परत ते बटन. मॅडमनी कागद पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या. डावा एकदम चांगला, उजवाही बराच वर आला आहे म्हणाल्या.

"मग मले सगळं खाली काहून ऐकू येते?"

"घरी पण येते?"

"नाही. हॉलमध्येच."

त्यांनी पेन खाली ठेवला. "मले सांगता येत नाही," म्हणाल्या. "कानाचा जेवढा भाग मी मोजू शकते, तेवढा ठीक आहे."

आता झाली का पंचाईत! कान ठीक, मग बिघडलं ते डोकं. जिन्यातच मी ठरवून टाकलं. घरी सुनीलले म्हटलं, "पुरानी बस्तीच्या गणपतीत मड़ईचं गाणं दुसऱ्या पोरीले दे. मी नाही म्हणत आता. मले माझंच ऐकू येत नाही." सुनील पाणी पीत होता. ग्लास तसाच धरून उभा राहिला. काहीतरी बोलायले तोंड उघडलं आणि म्हणाला, "एक तालीम अजून करून पाहू. शनिवारी."

लाइट गेली

शनिवारी दुपारी आम्ही दुसरंच गाणं म्हणत होतो तर लाइट गेली. म्हणायले आमचं राज्य दुसऱ्यांले वीज देते, पण बूढ़ापाऱ्यात त्या दिवशी अर्धा तास पंखा बंद. चहा झाला. लाइट आली, बबलू भैयांनी कीबोर्ड परत चालू केला. मी म्हटलं, "चला, मड़ई घ्या, मले घरी स्वयंपाक आहे." मनात म्हटलं, शेवटचं.

तुकडा वाजला आणि माझ्या अंगावर काटा आला. गाणं आपल्या जागी होतं. अगदी तिथं, जिथं मी ते सोडून गेली होती. मी डोळे मिटले. बबलू भैयांचं बोट पाहायची गरजच नव्हती. अवं माय, किती दिवसांनी! मी गाता गाता रडून राहिली होती, आणि रडता रडता हसून राहिली होती. कान आला, माझा कान आला!

मग वरचा सूर आला, गाण्यातला सगळ्यात उंच. मी चढली, आणि तिथं माझा आवाज चिरला. कापडासारखा. मी थांबली.

कीबोर्डही थांबला. मी डोळे उघडले तर बबलू भैयांचा हात सुरांच्या पट्ट्यांवर नव्हता. कोपऱ्यातल्या एका छोट्या बटनावर होता. त्या बटनानं सगळा कीबोर्ड एकसाथ वरखाली करता येते. बोट ठेवा पाचवर, वाजते चार. आणि लाइट गेली की ती सेटिंग जाते, मूळचा सूर परत येते. चहाच्या नादात भैया ते विसरले होते.

मी लग्नाआधीपासून ऑर्केस्ट्रात आहे, मले समजायले एक सेकंद लागला. पण विश्वास बसायले बराच वेळ लागला.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

भैया कीबोर्डकडं पाहत म्हणाले, "दीदी, गुस्सा मत होना। आपके भले के लिए..."

"कोणं सांगितलं?"

त्यांनी सुनीलकडं पाहिलं.

"मी," सुनील म्हणाला.

भांडण

आम्ही जिन्यात भांडलो, खाली टेंट हाउसवाले ऐकत होते.

"तुझा वरचा सूर फाटत होता," सुनील म्हणाला. "हॉलमध्ये यायच्या आधी घरी तू पेटीवर म्हणून पाहत होती, तेव्हा मी बाहेरून ऐकलं. तुले तेव्हा ते फाटणं ऐकू येत नव्हतं. तो हॉलमध्ये फाटला असता तर तू परत आलीच नसती. म्हणून दोन पट्ट्या खाली, काळी चारवर आणलं. भैयाले म्हटलं, थोडे दिवस. मग सांगायचं कसं, हेच समजेना."

"मग मले सांगायचं ना, आवाज फाटून राहिला!"

"तू रडली असती."

"मग रडली असती! रडून कोणी मरते का? मी दीड महिना स्वतःले पागल समजून राहिली, सुनील. मले वाटलं दुसराही कान गेला. घड्याळ ऐकत पडून राहायची मी, आणि तू बाजूले झोपून होता!"

त्याले घड्याळाचं माहीत नव्हतं. तो पायरीवर बसला. त्याचं तोंड असं झालं की मले त्याची दयाही आली आणि त्याले एक द्यावीही वाटली.

आठ दिवस मी त्याच्याशी बोलली नाही. मिनू मधात निरोप पोचवायची, "पापा, मम्मी बोल रही है खाना खा लो।" आईनं त्याचीच बाजू घेतली. म्हणाली, "बादल्या धरल्या त्यानं तुझ्या. एवढं बायकोसाठी कोण करते?" खरंच होतं ते. मले सांगा, ज्यानं माझी उलटी अंगावर घेतली, त्यानंच माझा कान मले खोटा पाडला. आता या माणसावर रागवायचं की त्याच्या पाया पडायचं? मी रोज सकाळी एक ठरवायची आणि संध्याकाळी दुसरं. आणि तो चूक होता का, तेही मले नीट सांगता येत नाही, कारण आवाज तर फाटलाच होता. कान माझा खरा निघाला, गळ्याचं त्याचं खरं निघालं.

आजारी माणसाच्या घरच्यांले एवढंच सांगते. पाणी द्या, गोळ्या द्या, वेणी घाला. पण त्याले जे दिसते, ऐकू येते, ते खोटं आहे असं त्याले पटवू नका, भल्यासाठी पण नाही. त्याच्याजवळ तेवढंच उरलेलं असते.

आठव्या दिवशी मी त्याले म्हटलं, "मड़ईचं गाणं मीच म्हणणार आहे. काळी पाचमध्ये. बटनाले कोणाचा हात लागला तर मी माईक ठेवून खाली उतरीन." तो म्हणाला, "फाटला तर?" मी म्हटलं, "फाटू दे. माझा आहे."

पुरानी बस्ती

गणपतीच्या मांडवात, चौकात, संध्याकाळी कार्यक्रम होता. मॅडमनी सांगितलं होतं तसं उजव्या कानात बोळा घातला आणि स्पीकरपासून दूर उभी राहिली. पहिले मी या गाण्यात चार वेळा गोल फिरायची. आता एकदाही नाही. मांडवाचा एक बांबू होता, डावा हात त्याले धरून ठेवला, उजव्या हातात माईक. म्हटलं, मी नाही फिरत, तुम्ही फिरा.

आणि फिरले ना बापा! पहिल्या ओळीले शिट्ट्या पडल्या, दुसऱ्या ओळीले समोरचे पोट्टे नाचू लागले, मग बाया, मग तर मंडळाचा अध्यक्षही पोट सांभाळत उतरला. मिनू पहिल्या रांगेत उड्या मारून राहिली होती. आईही आली होती, ती बसूनच टाळ्या वाजवत होती, पण वाजवत होती. मी बांबूले धरून, जमीन थोडी हलत असताना, गात होती आणि मले इतका आनंद झाला की भीतीच वाटली.

पहिल्या अंतऱ्यात तो वरचा सूर आला. मी चढली. नेमकं तेव्हाच सगळा चौक ओरडला. शिट्ट्या, टाळ्या, ढोलक, कानातला बोळा. सूर लागला की फाटला, मले काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या अंतऱ्यातही तेच. गाणं संपलं, लोकं "वन्स मोर" म्हणत होते, आणि मले, गाणारीले, माहीतच नव्हतं मी कशी गायली ते.

मांडवाच्या मागं पाणी प्यायले गेली तर सुनील काड्या घेऊन आला. डाव्या बाजूले येऊन उभा राहिला.

मी विचारलं, "लागला का?"

त्यानं काड्या खिशात खोचल्या. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होती. आता हा काय बोलते, यावर माझं सगळं होतं. गाणं तर होतंच, घरही होतं.

"पहिल्या अंतऱ्यात नाही लागला," तो म्हणाला. "फाटला. थोडा खालीही राहिला."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. वाईट वाटलं म्हणून आलं की बरं वाटलं म्हणून, ते मले आजही विचारू नका.

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात लागला, ज्योती."

पहिल्याचं त्यानं खरं सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्याचं मी मानलं.